पासंग

बँकेची परीक्षा तिसऱ्यांदा हुकली
आणि मी सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या अडतीवर कारकून झालो.
म्हणजे झालो असं नाही, बसवला गेलो,
मामाच्या ओळखीनं.
ती ओळख मामानं पुढे वर्षभर ऐकवली.

आठवड्यात चारही शर्टांच्या कॉलरी पिवळ्या.
आई म्हणाली, लग्नाआधीच हळद लागली की रे तुला.
मला हसू आलं नाही.
तेव्हा मनात एक वही असायची माझ्या:
कुणी साधं चहाला विचारत नाही,
कुणी नावानं हाक मारत नाही,
माझ्याहून कमी मार्कांचं कोण कुठे चिकटलं.
येणे बाकी, येणे बाकी, पानंच्या पानं.
देण्याच्या बाजूला खाडाखोडसुद्धा नव्हती.

नेमगोंडा तोलार सातला यायचा.
चपला बाहेर.
खांद्यावरच्या फडक्यानं आधी दांडी पुसायचा,
मग साखळ्या, मग वजनं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत,
आणि रिकामी पारडी सोडून नुसता उभा राहायचा
दांडी थांबेपर्यंत.
बाहेर गाड्या हॉर्न देत, हमाल खोळंबलेले.
मला वाटायचं, काय हा वेळकाढूपणा.

एकदा दांडी डावीकडे झुकली, केसभर.
त्यानं सुतळीत गुंडाळलेला एक खिळा
उजव्या साखळीला बांधला.
"पासंग," म्हणाला.
"रिकामा असतानाच ज्याचा कल एकीकडं,
त्यावर सोनं ठेव न्हाईतर भुस्कट ठेव,
खोटंच बोलणार गा ते."
मी पावती फाडून पुढच्याला हाक मारली.

हमालीच्या दरासाठी नऊ दिवस यार्ड बंद होतं
तेव्हा समितीच्या पायरीवर सगळ्यांत पुढे हाच.
मालकाला तोंडावर म्हणाला,
"तुमचं मीठ खाल्लंय म्हणून तर तुमच्याकडं मागतोय.
परक्याच्या दारात कोण जाईल?"
आणि त्याच संध्याकाळी मागच्या दारानं आत येऊन
काट्यावर पोतं पांघरून गेला,
धूळ बसू नये म्हणून.
दोन्ही मी पाहिलं.
कुठल्या रकान्यात मांडायचं ते कळेना.

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला.
शाल, नारळ, खुर्च्या भाड्याच्या.
सभापती म्हणाले, आभार मानून भार वाढवत नाही.
नेमगोंडा खुर्चीतूनच बोलला,
"वाढू द्या की सायेब.
बत्तीस वर्सं भारच तोलला.
बिनवजनाचं मला कळत न्हाई."
लोक हसले. तो हसला नाही,
नारळ हातात घेऊन उगीच अंदाज घेत राहिला.

जुना काटा भंगारात निघाला.
निघताना तोही तोलला गेला, नव्या काट्यावर:
छत्तीस किलो चारशे.
त्याआधी साखळीचा खिळा मी सोडवून घेतला.
तो ठेवून पाहिला,
आकडा शून्यावरून हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले
आणि काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं.
सव्वादहाला उमगलं, चहा.
रोज दहाला दोन कप घेऊन यायचा तो,
एक माझ्या टेबलावर ठेवायचा, पावत्यांपासून लांब,
डाग पडू नये म्हणून.
"घे गा, सुभाना."
नावानं.
दीड वर्ष.
वहीत एकदाही नोंद नाही.

वही अजून आहे.
त्यातलं बरंचसं येणं खरंच येणं आहे,
पगारवाढीचा अर्ज मी परवाच दिला,
आणि मामाचं तर मी सोडणारच नाही.

पण सकाळी शटर वर केलं की
काटा पुसतो,
बटण दाबतो,
आणि आकडे थरथरून शून्यावर येईपर्यंत
त्यावर काहीही ठेवत नाही.
बाहेर गाड्या हॉर्न देतात.